वरची मूठ

नेरूळच्या ज्या ग्राहक भांडारात मी पाकिटं भरायला लागले, तिथल्या पाकिटाला चेहरा नव्हता. वरच्या फळीवर कंपनीचा चहा, त्यावर हसरी बाई. कंपनीचा साबण, त्यावर फेसात बसलेलं गुबगुबीत बाळ. आणि अगदी खालच्या फळीवर भांडाराचा स्वतःचा माल, साध्या प्लॅस्टिकच्या पिशवीत, वर निळा शिक्का: तूरडाळ, अर्धा किलो. बस्स. किंमत मात्र कंपनीपेक्षा बरीच उतरलेली, कारण पोती तुर्भ्याच्या घाऊक बाजारातून सरळ मागच्या दाराला येत आणि आम्ही दोघी बायका ती निवडून, तोलून पिशव्यांत भरत असू.

भांडाराचं सगळंच होतं. चहा होता, त्याला रंग लवकर यायचा, चव मागाहून सवडीनं. कपडे धुण्याची पावडर होती, तिचा फेस फार लाजाळू. अगरबत्ती होती, ती लावली की देवाला आपण वाण्याच्या दुकानात उभे आहोत असं वाटावं. तरी वीस तारीख उलटली की सगळं नेरूळ त्या खालच्या फळीपाशी वाकायचं. वाकायचं आणि आधी इकडेतिकडे बघायचं. सोसायटीतल्या बायकांची रीत ठरलेली होती. भांडाराची पाकिटं पिशवीत तळाशी आणि वर कंपनीच्या बिस्किटांचा एक पुडा, तोंड बाहेर काढून ठेवलेला. जिन्यात कोणी भेटलं तर बिस्किटाशीच गाठ पडावी.

माझी त्याहून खालची पायरी होती. फुटलेली पाकिटं कामाच्या बायकांना अर्ध्या किमतीत मिळायची, आमचं घर त्यावर चालायचं. माझ्या जोडीला चिपळूणकडच्या एक मावशी होत्या, पंधरा वर्षं पाकिटं भरत आलेल्या. पहिल्याच दिवशी त्यांनी मला नियम सांगितला.

"पाकीट फोडायचं नाही हां. फुटायची वाट बघायची. फोडलेलं आणि फुटलेलं, साहेबांना लगेच कळतं."

मी मान हलवली. त्या दिवसांत मी सगळ्यालाच मान हलवत असे. मी माण तालुक्यातली. सातवीनंतरची शाळा दोन गावं ओलांडून होती, म्हणून माझी शाळा सातवीतच थांबली. लग्न झालं आणि मी इकडे आले. आमचे हे रबाळ्याच्या एका कारखान्यात होते, पण कायम नव्हते. सात महिने काम झालं की कंपनी ब्रेक द्यायची, म्हणजे घरी बसा आणि बोलावण्याची वाट बघा. ब्रेक लागला आणि त्याच आठवड्यात मला हे काम मिळालं. मॅनेजरसाहेब म्हणाले होते, "तीन महिने काम बघू. बरं वाटलं तर कायम करू." बरं वाटलं नाही तर काय, ते त्यांनी सांगितलं नाही, पण मला ठाऊक होतं. भाडं निघणार नाही, बोचकं बांधायचं, एसटीत बसायचं, आणि गावाच्या पारावर बसलेल्या दहा माणसांनी एकापाठोपाठ विचारायचं, "काय गं, परत आलीस?"

म्हणून मी नऊच्या कामाला आठला जायची. साहेबांना नमस्कार, मावशींना नमस्कार, आणि कोणी बघत नसलं तर तराजूलाही नमस्कार.

भरण्याचं काम मला जमलं. तोंड बंद करण्याचं मात्र काही केल्या जमेना. तेव्हा आमच्याकडे मशीन नव्हतं. पिशवीचं तोंड करवतीच्या पात्यावर दुमडायचं आणि ती कड पेटत्या मेणबत्तीवरून झरकन फिरवायची, की प्लॅस्टिक चिकटतं. मावशींची शिवण आखल्यासारखी सरळ यायची. माझी एका बाजूनं चढायची, मध्येच खाली उतरायची. शिवाय बोटं भाजायची ती वेगळीच.

साहेबांनी एक पाकीट उचलून उजेडात धरलं. "अहो बाई, हे काय? वाकडं तोंड! कस्टमर हातात तरी घेईल का असलं पाकीट?"

मला रडूच आलं. त्या रात्री घरी आमच्या ह्यांना मेणबत्ती धरायला लावून मी दुधाच्या रिकाम्या पिशव्यांवर सराव केला. ते म्हणाले, "मला वाटलं लाइट गेली म्हणून लावलीस." मी त्यांच्याकडे अशा नजरेनं बघितलं की ते मुकाट्यानं धरून बसले.

आणि मग एक नवलच झालं. पंधरा दिवसांत वाकड्या तोंडाची पाकिटंच आधी संपायला लागली. बायका खालच्या फळीशी उकिडव्या बसायच्या, सरळ तोंडाची पाकिटं बाजूला सारायच्या आणि मागून वाकडी ओढून काढायच्या. एक बाई दुसरीला सांगत होती ते मी मागच्या खोलीच्या पडद्याआडून ऐकलं, "ती नको, ती सरळवाली आहेत." साहेब डोकं खाजवत उभे राहिले. मावशींचा चेहरा पडला. पंधरा वर्षांची सरळ शिवण आणि तिला कोणी विचारेना!

मला वाटलं, देव आहे. दुसरं काही मला सुचलंच नाही.

त्या गिऱ्हाइकांत शेजारच्या सारसोळे गावची एक कोळीण होती. सकाळी मासळी विकून दुपारी रिकामी पाटी घेऊन भांडारात यायची. वजन तिला काट्याशिवाय कळायचं. तळहातावर पाकीट घ्यायची, डोळे मिटायची, एकदा झुलवायची. एकदा मी फळी लावत होते तेव्हा माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "ही वाकरी तूच भरतंस ना गो बाय? तुजा हात लय चांगला हाय. असाच ठेव."

मला ती शिवणीला चांगलं म्हणते आहे असं वाटलं. मी म्हणाले, "आता सरळ पण जमायला लागलंय."

"नको नको!" ती घाबरून म्हणाली. "सरल नको करू. मंग आमी वलखू कशी?"

मला काही उमगलं नाही. मी नमस्कार केला.

महिनाअखेरीला साहेबांनी माल मोजला आणि हिशोब जुळेना. शंभर किलोच्या पोत्यातून अर्ध्या किलोची दोनशे पाकिटं निघायला हवीत. खडे, साली, कचरा जातो, त्याला घट म्हणतात, म्हणून चार-पाच कमी धरतात. तूरडाळीच्या काही पोत्यांची निघाली होती एकशे ऐंशी. दर पोत्याला. मावशींनी भरलेली पोती बरोबर. ही पोती माझी.

साहेब दुसऱ्या दिवसापासून संध्याकाळी निघताना आमच्या पिशव्या बघायला लागले. मावशींची वरवर, माझी तळापर्यंत. माझ्या पिशवीत डबा, एक रुमाल आणि फुटलेल्या पाकिटातली भांडाराची चहापावडर. रोज तेच निघायचं आणि रोज मी चोर असल्यासारखी घामानं भिजायची. तीन महिने पुरे व्हायला तेरा दिवस राहिले होते. घरी मी काही सांगितलं नाही. नुसती भाकरी करताना विचारलं, "आपण परत गेलो तर लोक काय म्हणतील हो?" हे म्हणाले, "कोण जातंय परत?" मी म्हणाले, "नाही, आपलं असंच."

शेवटी साहेबच खुर्ची घेऊन मागच्या खोलीत आले आणि माझ्यासमोर बसले. "भरा," म्हणाले. "मी बघतो."

मी पोतं सोडलं. एका पारड्यात अर्ध्या किलोचं वजन, दुसऱ्यात डाळ. काटा मधोमध आणला, अगदी नीट, साहेबांना दाखवून. "लाभ," म्हणाले मी, आणि पारडं पिशवीत रिकामं केलं. मग पोत्यात हात घातला, मूठभर डाळ घेतली, पिशवीत टाकली. पारडं पुन्हा भरलं. "दोन." पुढच्या पिशवीत ओतलं. वर मूठ. "तीन."

"थांबा," साहेब म्हणाले. "हे काय होतं?"

"कोणतं?"

"आत्ता टाकलंत ते."

"वरची मूठ."

"कसली वरची मूठ?"

"मापाची." मला प्रश्नच कळेना. "माप झालं की वर एक मूठ द्यायची ना?"

"कुणी सांगितलं?"

आता हे कोणी सांगायला लागतं का? आमच्याकडे खळ्यावर ज्वारी मोजतात तेव्हा पहिल्या मापाला एक म्हणत नाहीत, लाभ म्हणतात. आणि मोजून झालं की घेणाऱ्याच्या पदरात वर मूठभर घालतात. मूठ न घालता नुसतं काटेकोर माप देणाऱ्या माणसाचं नाव सकाळी कोणी घेत नाही. माझ्या आईनं शेजारणीला उसनं पीठ दिलं तरी वाटीवर चिमूट असायची. मला वाटलं होतं, साहेबांनी अर्धा किलो सांगितलंय म्हणजे अर्धा किलो आणि मूठ. मूठ काय सांगायची असते?

हे सगळं मी त्यांना सांगितलं. बरंच अडखळत. साहेब ऐकत होते आणि त्यांचा चेहरा बघून मला कळेना, माणूस चिडलाय की हसतोय. मावशींनी तोंडाला पदर लावला होता.

"आणि तुमच्याकडं देत न्हाईत?" मी विचारलं. घाबरले की माझी बोली गावाकडे पळते.

"नाही, बाई," ते म्हणाले. "आमच्याकडे नाही देत. आम्ही डोंबिवलीचे." मग उठले. "आजपासून मूठ बंद. कुणाला बोलू नका, भांडाराच्या कमिटीला कळलं तर माझंच टेन्शन. आणि तुमचं काय करायचं ते महिना भरल्यावर बघू."

म्हणजे झालंच. मी डाळ भरत राहिले. काटा मधोमध, पाकीट बंद. उजवा हात आपोआप पोत्याकडे जायचा, तो मी डाव्या हातानं धरून मागे आणायची. आणि प्रत्येक पाकीट फळीवर ठेवताना लाज वाटायची, कोणाचं तरी काहीतरी काढून घेतल्यासारखी.

चौथ्या दिवशी दुपारी बाहेर गलका झाला. कोळणीनं पाकीट तळहातावर झुलवलं होतं.

"ह्यान डाल कमी हाय!"

"ताई, अर्धा किलो आहे," साहेबांचा आवाज.

"मना सांगतंस? वीस वरसं मासली विकतंय मी. या भांडारानं माप मारायला सुरवात केलीय!"

मग सोसायटीतल्या दोघीतिघींना कंठ फुटला. त्या बिस्किटाचा पुडा वर ठेवणाऱ्या! त्यांच्या घरची डाळ पण म्हणे हल्ली लवकर संपत होती. एक म्हणाली, स्वस्त देतात ते असं काढतात. दुसरी म्हणाली, तरी मी म्हणतच होते. साहेबांनी काउंटरवरच्या काट्यावर पाकीट ठेवलं. बरोबर अर्धा किलो. एक दाणा इकडे नाही, एक दाणा तिकडे नाही.

"मंग आदीची कशी जड होती?" कोळीण म्हणाली. "काटा बदललास?"

साहेबांनी काटा पुसून पाकीट परत ठेवलं. माझ्यापायी तो सरळ माणूस गिऱ्हाइकांसमोर मापात पाप करणारा ठरत होता. आणि पडद्याआड मी. मावशी कुजबुजल्या, "गप बस. कोणाला बोलू नको म्हणालेत ना?" मी गप्प बसणार होते, खरंच. पण काट्यावर संशय घेतलेला माझ्यानं ऐकवेना. मी हात पदराला पुसत बाहेर आले.

"काटा खरा हाय," मी म्हणाले. "मीच वर मूठ घालत होते. चुकून. आता न्हाई घालत."

कोळणीनं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "मंग बंद कशाला केलीस?"

"साहेब कामावरून काढतील."

मला तसं म्हणायचं नव्हतं. खरं होतं म्हणून तोंडातून निघालं. पण सात-आठ बायकांची तोंडं एकदम साहेबांकडे वळली, आणि ती दुपार मी जन्मात विसरणार नाही. साहेब मागे सरकले ते साबणाच्या फळीला टेकले.

"या बायेला काढनार तू?" कोळीण म्हणाली. "डाल दिली म्हणून?"

"अहो, कोण काढतंय?" साहेब ओरडलेच. "कुणी काढत नाहीये! मी कायम करणार होतो तिला!"

"कवा?"

"एक तारखेला!"

"आमी येतंय एक तारखेला," कोळीण म्हणाली, अर्ध्या किलोचं पाकीट घेतलं, पाटीत टाकलं आणि निघाली.

त्यानंतर साहेबांनी मला आत बोलावलं. पेनचं टोपण दोनदा उघडझाप केलं. मला वाटलं, आता रागावतील. बोलले ते वेगळंच. म्हणाले, गेल्या दोन महिन्यांत भांडाराचा चहा आणि पावडरसुद्धा दुप्पट खपली. डाळीला येणारी बाई नुसती डाळ घेऊन जात नव्हती. हे मी त्यांना सांगू शकले असते, पण मला कोणी विचारलं नव्हतं.

"काटा मधोमध नको," ते म्हणाले. "पारडं जरासं झुकू द्या. इतकंच." त्यांनी बोटांत चिमटीएवढं अंतर दाखवलं. "तेवढं मी घटीत धरीन. पण मूठ दिसली ना बाई..."

"न्हाई दिसणार," मी म्हणाले.

त्यांनी फॉर्म पुढे केला. शिक्षण लिहायच्या जागी मी सातवी लिहिलं, आणि ते माझ्या शिवणीसारखंच वाकडं चढत वरच्या रेषेला जाऊन चिकटलं. साहेबांनी बघितलं आणि खाली सही केली. मी त्यांना नमस्कार केला. मग बाहेर येऊन मावशींना केला. मावशी म्हणाल्या, "पुरे गं तुझे नमस्कार. तिकडे साखरेचं पोतं आलंय, एक टोक धर."