वारं पडल्यावर

आमच्याकडं ऊस गेला की फडात उरलेला वाळका पाला, म्हणजे पाचट, पेटवतात, आणि तेही वारं पडल्यावर, दिवेलागणीला. वाऱ्यात पेटवलं की आग भडकते. एकदा ती उडून आमच्या गोठ्यावर आली होती. तेव्हापासून सासूबाईंनीच हा नेम घालून दिला. त्यांना मी आत्याबाई म्हणायचे. त्यांना जुना दमा, पंप कायम कमरेच्या पिशवीत.

मी कळंबजवळच्या शाळेत सातवीला विज्ञान शिकवते. हवेच्या प्रदूषणाचा धडा आला की पोरांना सांगते, दुपारी जमीन तापते, हवा वर जाते, तिच्याबरोबर धूरही जातो. सांजच्याला जमीन निवते, वारं थांबतं, मग धूर गोधडीसारखा खालीच पसरतो. पोरांना एका तासात कळतं. घरी मात्र मी तोंड उघडलं की सगळ्यांच्या कपाळाला आठ्या. पाचट पेटवूच नका, रानात कुजू द्या, आत्याबाईंचा जीव जाईल, असं दिराला सांगून सांगून माझं तोंड दुखलं. शेवटी तो शांतपणे म्हणाला, "वहिनी, तुमच्या पुस्तकात गोठा जळत न्हाय."

माझं डोकंच फिरलं. पण आत्याबाईंनीही त्याचीच री ओढली.

त्या संध्याकाळी झाडाचं पान हलत नव्हतं. दिरानं गोठ्याभोवती पाणी मारलं, बादल्या भरून ठेवल्या, मग काडी लावली. लई जपून केलं त्यानं सगळं. धूर बांध ओलांडून वस्तीवर आला आणि तिथंच बसला. दारं लावली, तरी फटींतून आत येत राहिला. आत्याबाई पंप ओढत होत्या, ओठ निळे पडले होते. दवाखान्यात नेताना जीपमध्ये माझा हात धरून त्यांनी एवढंच विचारलं, "गोठ्याला काय झालं न्हाय ना?"

मी न्हाय म्हणाले. कळंब यायच्या आत त्या गेल्या.

तेराव्याला भावकीतला एक म्हातारा जेवता जेवता म्हणाला, वारं पडलेलं होतं हे नशीब, नाहीतर गोठा गेला असता. सगळी पंगत माना डोलवायला लागली. मी वाढत होते. हातातलं पातेलं मी खाली ठेवलं.

"गोठा हाय की जागंवर," मी म्हणाले. "आत्याबाई कुठंयत?"

दिरानं हातातला घास ताटात ठेवला आणि उठून गोठ्याकडं निघून गेला.