दोन शतकांची सोयरीक

घिवलीच्या सुलूचं लग्न का जमत नाही, हे सगळ्या आळीला ठाऊक होतं. पोरगी इंग्रजी कादंबऱ्या वाचते! पालघरच्या कॉलेजातून बी.ए. झाल्यापासून केळींना पाणी सोडायचं आणि बांधावर पुस्तक उघडून बसायचं. पाणी शेजारच्या वाडीत शिरलं तरी हिला पत्ता नसे. तिची अट एकच होती. ज्याच्याशी पुस्तकांवर बोलता येईल असा नवरा हवा. तसा एकही येईना, म्हणून ती मनातून धास्तावली होती.

अठ्ठ्याहत्तर सालच्या माघात मनोरचा दिनानाथ मास्तर तिला बघायला आला.

"काय वाचता?" त्याने विचारलं. सुलूचा जीव सुपाएवढा झाला.

"हल्लीच्या इंग्लंडातल्या लेखिका."

"खऱ्या कादंबऱ्या तिथे दोनशे वर्षांपूर्वीच लिहून झाल्या," दिनानाथ म्हणाला. "नंतरचं सगळं पाणी घातलेलं ताक."

सुलूचं डोकंच फिरलं. बघायला आलेल्यांसमोर मान खाली घालायची असते, हे ती साफ विसरली. बोलता बोलता चहा थंड झाला.

"तुमच्या जुन्या कादंबऱ्यांत लग्न ठरल्याचं आधी कोणाला कळतं?" शेवटी तिने विचारलं.

"शेजाऱ्यांना."

"माझ्या नव्यांतही शेजाऱ्यांनाच. मधल्या शतकातल्या जाडजूड ठोकळ्यांतही तेच. घोडागाडी जाऊन मोटार आली, माणसं तीच राहिली."

दिनानाथने थंड चहाचा कप खाली ठेवला. वडिलांनी कपाळाला हात लावला. हेही स्थळ गेलं, असं सुलूला वाटलं आणि फार वाईट वाटलं. इतकं छान भांडण तिने जन्मात केलं नव्हतं.

तेवढ्यात मागच्या दाराने शेजारची मैनाबाई साखरेची वाटी घेऊन आत आली. स्वयंपाकघरात कान लावून बसलेल्या आत्याने कुंपणावरून तिला केव्हाच वर्दी दिली होती.

"ठरलं ना? आमी साखर आणलीय," मैनाबाई म्हणाली. "सगल्यांना ठावं हाय."

दिनानाथने सुलूकडे पाहिलं आणि दोघंही पोट धरून हसत सुटली.

"हरलो," म्हणत त्याने चिमूटभर साखर तोंडात टाकली. "माझा होकार."

"माझाही," सुलू म्हणाली. वडिलांना विचारायचं राहूनच गेलं.

पुढे मनोरच्या घरात जेवणं झाली की त्यांचं भांडण रंगायचं. आज कोणत्या शतकावरून जुंपलीय ते ऐकायला शेजारणी ओटीवर येऊन बसत. त्या आल्याची चाहूल लागली की सुलू मुद्दाम आवाज चढवायची.