चांगल्या माणसाचे रक्त

माझ्या बहिणीच्या सासऱ्यांनी एकट्या साक्षीदारावर जन्मात विश्वास ठेवला नाही, असे मी म्हटले तर ती अतिशयोक्ती होईल की काय, अशी शंका मला येते. आणि ही शंकाही बहुधा त्यांच्याच सहवासाची देणगी असावी. मालेगावला जायला मेडशीच्या थांब्यावर एसटीत चढताना ते ‘मालेगावच ना?’ असे कंडक्टरला विचारीत, मग ड्रायव्हरला, आणि बसल्यावर शेजारच्या प्रवाशाला. तो कंटाळून म्हणे, “पाटीवर लिहेल हाय ना, बाबा.” ते शांतपणे उत्तर देत, “पाटी कालची बी असू शकते, भाऊ.” टरबूज पारखतानाही ते हटकून एक कच्चे टरबूज आधी वाजवून घेत, म्हणजे पिकलेल्याचा आवाज त्याच्याशी ताडून पाहता यावा.

सत्तरच्या दशकाच्या अखेरीस बहिणीला दिवस गेलेले असताना तिचे डोळे पिवळे झाले. मी तेव्हा मेडशीच्या शाळेत मास्तर होतो आणि बहिणीच्या घरीच राहत होतो. त्या घराला काविळीची भीती कोणी शिकवायची गरज नव्हती. सासऱ्यांची पत्नी बाळंतपणात काविळीनेच गेली होती. शेजारणीने कावीळ उतरवणारा वैदू आणला. त्याने चुन्याच्या पाण्यात बहिणीचे हात चोळले, पाणी पिवळे झाले, आणि साऱ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. तेवढ्यात सासऱ्यांनी आपले हात पुढे केले. “आता माहे धुवा.” पाणी तितकेच पिवळे झाले. “मले त कावीळ नाई. मंग हे पानी कायले पिवळं झालं?” वैदू आपली पिशवी आवरत पुटपुटला, “तुमची कावीळ मनात असन, बुढेबाबा.”

मालेगावच्या डॉक्टरांनी सांगितले की, काविळीचा एक वाईट प्रकार आता रक्तात शोधता येतो. तो निघाला तर बाळालाही धोका. रक्त नागपूरला पाठवायचे ठरले. सासरे म्हणाले, “संगं माहं बी पाठवा. चांगल्या मानसाचं रगत काय बोलते, ते बी समजलं पाह्यजे.” डॉक्टर हसले, पण त्यांनी सासऱ्यांचाही दंड बांधून रक्त काढले. निकाल येईपर्यंत सासरे रोज सकाळी सुनेचे डोळे उजेडात पाहत, ताडून पाहायला माझे पाहत, आणि तरीही समाधान झाले नाही तर गोठ्यातल्या म्हशीचे. घरात कोणी मोठ्याने बोलत नसे.

निकाल आला तसे सासरे आणि मी मालेगावला गेलो. सुनेच्या रक्तात त्या काविळीचा विषाणू नव्हता. सासऱ्यांच्या रक्तात मात्र त्याची प्रतिद्रव्ये सापडली.

“म्हंजे नापास मीच झालो, मास्तर,” ते मला म्हणाले.

“हा आजार नाही, बाबा,” डॉक्टर म्हणाले. “ती कावीळ कधीतरी तुमच्या अंगात येऊन गेली, त्याची ही खूण आहे. कधी आली, कोणाकडून आली, हे रक्त सांगत नाही. शिवाय तपासणी चुकतेही. दोघांचीही पुन्हा करू या.”

“पोराची माय गेली तवा तिचं रगत मीच पुसलं होतं,” सासरे म्हणाले. मग हलकेच, “सुनेचं करा पुन्हा. माहं राहू द्या.”

सुनेची दुसरी तपासणीही तशीच आली, आणि पुढे यथाकाल मुलगी सुखरूप झाली. पण मला आठवते ती पहिल्या निकालाच्या दिवशीची परतीची एसटी. गाडी मेडशीला जाते का, हे त्यांनी कोणालाही विचारले नाही. कोपराच्या खोबणीत, जिथे सुई टोचली होती तिथे, अंगठा ठेवून ते खिडकीबाहेर पाहत बसले होते.