मुजीबसाठी गाडीला क्लच बसवला त्याची गोष्ट

आधी चहा घ्या. कारण हा घोटाळा ऐकताना तुम्ही मध्येच हसणार आणि चहा अंगावर सांडून घेणार. आमच्या बायकोचं, सुरेखाचं, तसंच झालं होतं.

मी लातूरचा. कापडाचं दुकान आहे, पोट सुटलंय, केस गेलेत. अशा माणसानं स्पोर्ट्स कार घ्यावी का? घेऊ नये. पण मी घेतली. दोन दारांची, बुटकी, लाल. आत बसायचं म्हणजे आधी वाकायचं, मग देवाचं नाव घ्यायचं. गाडी जुनी, कंपनीनं कधीच बनवायची बंद केलेली. हैदराबादच्या एका डॉक्टरांनी जपून ठेवली होती, ती मी उचलली.

का उचलली? मुजीबमुळे.

मुजीब माझा कॉलेजातला दोस्त. मी शिकायला नांदेडला होतो आणि त्याच्या अब्बांचं तिथं गाड्यांच्या सीट शिवायचं दुकान होतं. कॉलेज सुटलं की आमचा मुक्काम तिथंच. एकदा अशीच लाल गाडी सीटला आली. मालकानं आम्हाला हात लावू दिला नाही. पण जाताना तो खिडकीतून कोपर बाहेर काढून बसला, डाव्या हातानं खटकन गिअर टाकला आणि गाडी अशी निघाली की आम्ही दोघं रस्त्याकडं बघतच राहिलो. मुजीब म्हणला, "दिल्या, आयुष्यात एकदा तरी असा गिअर टाकायचाय यार."

पुढं तो मस्कतला गेला. वर्षांमागून वर्षं गेली. दोन-तीन वर्षांनी सुट्टीवर यायचा, अम्मीला भेटायचा, मला भेटायचा, परत जायचा. फोनवर आम्ही म्हाताऱ्या बायकांसारखं बोलायचो, पण समोर बसून निवांत बोलायचं राहूनच गेलं. म्हणून गाडी घेतल्यावर पहिला फोन त्याला.

"लालच हाय?" त्यानं विचारलं.

"लालच. पण एक खोट हाय. ऑटोमॅटिक हाय. गिअर आपले आपण पडतात."

"ऑटोमॅटिक?" त्यानं पुन्हा विचारलं. मग म्हणला, "बरं हाय की मग."

आता तुम्हीच सांगा, हे ऐकून तुम्हाला काय वाटलं असतं? मला वाटलं, बिचाऱ्याचा हिरमोड झाला. एवढ्या वर्षांनी ती गाडी मिळाली आणि गिअर टाकायचीच सोय नाही. मी म्हणलं, "बदलून घेता येतंय म्हणतेत."

"न्हाई न्हाई," तो घाईनं म्हणला, "काई बदलू नको. जशी हाय तशी ऱ्हाऊ दे. मी येतोय दिवाळीनंतर."

मी फोन ठेवला आणि सुरेखाला म्हणलं, "बघ, दोस्त असावा तर असा. मला तोशीस पडू नये म्हणून नको म्हणतोय."

सुरेखा म्हणली, "अहो, नको म्हणला म्हणजे नको असंल."

बायकांना मैत्रीतलं काही कळत नाही, असं मी त्या दिवशी मोठ्यानं म्हणलो. ते वाक्य ती अजून मला ऐकवते.

गाडी नेऊन नांदेडला कलीमच्या गॅरेजात घातली. कलीम मुजीबच्या गल्लीतलाच. त्यानं एक चक्कर मारली आणि म्हणला, "शेठ, मक्खन चालायली. कशाला पोट फाडायलाव हिचं?"

"तू फाड," मी म्हणलं. "आणि मुजीबला बोलू नको."

आणि खरंच फाडलं. आधीचा गिअरबॉक्स काढला. हातानं गिअर टाकायचा दुसरा हैदराबादच्या भंगार बाजारातून आणला. तो बसला तर मागच्या चाकांकडं जाणारा दांडा लांब पडला, तो लेथवर कापून आणला. क्लच प्लेट आली, ती दुसऱ्याच गाडीची निघाली. क्लचच्या पेडलला जागा करायची म्हणून आतलं अर्धं सामान बाहेर आलं. सगळं जोडलं, तर गाडीचा कॉम्प्युटर रुसला. जुना गिअरबॉक्स कुठं गेला म्हणून तो चालूच होईना. दर रविवारी मी लातूरहून एसटीनं नांदेडला जायचो, गाडीशेजारी स्टुलावर बसायचो आणि संध्याकाळी एसटीनं परत यायचो. घरी स्पोर्ट्स कार असलेला आणि एसटीच्या मागच्या सीटवर उडत जाणारा लातुरात मी एकटाच असेन.

मधे मुजीबचे फोन. "गाडी हाय तशीच हाय ना रे?"

"तशीच हाय."

"ऑटोमॅटिकच बरी यार माझ्यासाठी."

मी हसलो. तोही हसला. दोघं पोटभर हसलो. कशाला कोण हसतंय हे कुणालाच ठाऊक नव्हतं.

शेवटी तो आला. अम्मीला भेटून थेट गॅरेजात. दारातून येताना जरा पाय ओढत होता. मला वाटलं, विमानात आखडला असंल. दाढी पांढरी झाली होती. आम्ही गळ्यात पडलो. मग मी मोठ्या तोऱ्यात गाडीचं दार उघडलं. "बस. तुझ्यासाठी करून घेतलीय."

तो वाकला. आत बघितलं. बघतच राहिला.

"दिल्या, ह्ये तिसरं काय हाय खाली?"

"क्लच!"

तो हळूच सीटवर टेकला, पण पाय बाहेरच. डाव्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणला, "ह्यो गुडघा वाकत न्हाई रे. तिकडं गोदामात शिडीवरून पडलो होतो. अम्मीच्या कानावर जाईल म्हणून कुणालाच बोललो न्हाई. ऑटोमॅटिक हाय म्हणलास, तवा म्हणलं चला, ही तरी चालवता येईल."

मी कलीमकडं बघितलं. कलीम छताकडं बघत होता.

"परत बदलायची का?" मी विचारलं.

"माझी सुट्टी संपंल की," मुजीब म्हणला आणि त्याला हसू फुटलं. पण डोळे पुसत होता, ते काही नुसत्या हसण्यानं नव्हतं.

मग त्यालाच सुचलं. तो उठला, गाडीला वळसा घालून माझ्या डाव्या बाजूच्या सीटवर पाय लांब करून बसला. गिअरचा दांडा त्याच्या उजव्या हाताशी. "तू दाब. मी टाकतो."

मुदखेडच्या रस्त्याला निघालो. सुरुवातीला मी दाबायच्या आधीच तो टाकायचा आणि गाडी रेडकासारखी किंचाळायची. मग जमलं. मी म्हणायचो, "टाक." तो टाकायचा. रस्ता मोकळा झाला. दोन्हीकडं हळद उभी होती, ऊन कोवळं होतं. त्यानं तिसरा टाकला, खटकन, आणि गाडीनं असा जोर धरला की आमची दोघांची पाठ सीटला चिकटली. मुजीबनं काच खाली केली, कोपर बाहेर काढलं. हात मात्र दांड्यावरून काढला नाही.

"ह्यासाठी आलतो," एवढंच म्हणला.

सुट्टी संपेपर्यंत मी नांदेडलाच राहिलो आणि आम्ही रोज फिरलो. लोक बघायचे, दोन म्हातारे एक गाडी वाटून घेऊन चाललेत. मग तो गेला. त्याला विमानतळावर सोडायला मी ही गाडी नेली नाही, परतताना डावी सीट रिकामी दिसली असती; एवढं मात्र शहाणपण केलं.

आता मूळ घोटाळा. परवा चाकूरला पाहुण्यांकडं जायचं होतं. सुरेखा शेजारी, मांडीवर मिठाईचा डबा. गावात मीच गिअर टाकत होतो, पण लातूर सोडलं, वेग आला, मी क्लच दाबला आणि समोर बघत म्हणलं, "टाक."

"काय टाकू?"

मी क्लच दाबूनच बसलेलो. इंजिन बोंबलतंय, गाडी मंद होत चाललीय. "टाक की," मी पुन्हा म्हणलो.

तिला वाटलं पेढा मागतोय. तिनं माझ्या तोंडात पेढा टाकला.

मागून उसाचा ट्रॅक्टर आला. दोन ट्रॉल्या भरलेल्या, वर गाणी लावलेली. त्यानं आमच्या स्पोर्ट्स कारला सावकाश ओव्हरटेक केलं आणि जाता जाता ड्रायव्हरनं हात करून विचारलं, "काका, ढकलू का?"

गाडी कडेला थांबली. तोंडात पेढा, पाय क्लचवर, डावा हात मांडीवर तसाच. सुरेखाला सगळं कळलं. तिनं पर्समधून मोबाईल काढला.

"मुजीबभाईंना फोन लावू? तिकडून गिअर टाकतील."

मी पेढा गिळला आणि म्हणलं, "लाव."