रूटवाली सुनंदा

कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात सुटे स्क्रू आणि किस्से आपोआप साठतात. कितीही झाडून काढा, चार उरतातच!

नव्वदच्या दशकात जळगावात आमचं असं दुकान होतं. मोठ्या ऑफिसांत तेव्हा युनिक्सची मशीन्स. 'रूट' म्हणजे त्या मशीनचा घरधनी. त्याचा पासवर्ड हरवला की अख्खं ऑफिस उंबऱ्याबाहेर! तसा फोन आला की आम्ही एकच हाक मारायचो, "सुनंदा!"

सुनंदा चौधरी, मूळची फैजपूरची. आमची इंजिनिअर.

*

धरणगावच्या एका कापसाच्या जिनिंगमधला ऑपरेटर नोकरी सोडून गेला, पासवर्ड डोक्यात घेऊन. सुनंदानं जुना पुसला आणि सेठजींना म्हणाली, "आता नवा टाका. कुणाला कळू देऊ नका."

सेठजींनी मान डोलावली आणि हॉलभर ओरडले, "अरे, पासवर्ड गणपती ठेवू का लक्ष्मी?"

"लक्ष्मी!" सगळा स्टाफ एका सुरात.

सुनंदा शांतपणे म्हणाली, "सेठजी, आता तिसरा देव घ्या. मनातल्या मनात!"

*

धुळ्याकडच्या एका शेतकरी सोसायटीत चेअरमन नाना तिचं काम बघत होते. मशीन उघडल्यावर घाबरले. "ताई, तुमी इतलं सोपं उघाडं, मंग चोर बी उघाडी?"

"उघडेल की! मशीनपर्यंत पोचला तर. खोलीला कुलूप लावा."

नानांनी गोदामाचं भलंमोठं कुलूप ठोकलं. थोड्याच दिवसांत फोन. "ताई, पासवर्ड ध्यानमा शे. कुलूपनी किल्ली हराई गयी!"

*

धुळ्याच्या एका दवाखान्यात मात्र हसण्यासारखं काही नव्हतं. मशीन सांभाळणारा माणूस वारला होता. कंपनीचा इंजिनिअर फोनवर म्हणाला, "डिस्क पुसून टाका, दुसरा इलाज नाही."

डॉक्टरबाईंचा चेहरा उतरला. किडनीच्या पेशंटांची वर्षानुवर्षांची माहिती आत अडकलेली. "कुणाला कोणतं औषध सोसत नाही, सगळं यातच आहे हो!"

सुनंदानं फोन हातात घेतला. "सर, दार उघडत नाही म्हणून घर पाडायचं नसतं."

तिनं फ्लॉपीवरून मशीन चालू केलं, आतली डिस्क जोडली आणि पासवर्डच्या फाइलमधली रूटपुढची अक्षरं तेवढी काढली. मशीन पुन्हा सुरू. 'रूट' टाइप केलं, एंटर... आत! एकेका पेशंटचं नाव पडद्यावर येऊ लागलं. मी तर टाळ्याच वाजवल्या.

डॉक्टरबाई म्हणाल्या, "ना टाका, ना रक्त! असं ऑपरेशन आम्हाला नाही जमत."

"पथ्य मात्र आहे," सुनंदा म्हणाली. "नवा पासवर्ड दोघांना तरी माहीत हवा."

*

एकदा मी आणि सुनंदा पुण्याला ट्रेनिंगला गेलो. तोवर मोठ्या कंपन्यांची माणसंही अडली की आमच्या दुकानात फोन करायची. पण तिला चेहऱ्यानं कोण ओळखणार? आम्ही मागच्या बाकावर.

शिकवणाऱ्या सरांनी रूट पासवर्ड परत मिळवायच्या सगळ्या युक्त्या सांगितल्या. मग म्हणाले, "आणि यातलं काहीच चाललं नाही, तर जळगावला एक मॅडम आहेत. हा नंबर लिहून घ्या." आणि फळ्यावर आमच्या दुकानाचा नंबर लिहिला! माझी छाती शर्टात मावेना.

सुनंदानं हात वर केला.

"सर, शेवटचा आकडा चुकलाय."