पुढची ओळ येईपर्यंत

हर्षलाला इंग्रजी येत नव्हतं असं नाही. कर्जतच्या एका खासगी दवाखान्यात ती अकरा वर्षं नर्स होती. पेशंटची फाइल ती इंग्रजीतच लिहायची, आणि औषधांच्या ज्या नावांवर नवे डॉक्टर अडखळत, ती नावं ती भाजीवालीला मेथी-पालक सांगावं तशी सांगून मोकळी व्हायची. दोन वर्षांपूर्वी आयर्लंडच्या नोकरीसाठी तिने इंग्रजीची परीक्षा दिली, तेव्हा वाचणं, ऐकणं आणि लिहिणं या तिन्हींत तिला हवे तेवढे गुण मिळाले होते. बोलण्यात मात्र साडेपाच. लागत होते सात. तिने परीक्षेचं पुस्तक तांदळाच्या पिंपावर ठेवलं, त्याच्यावर रुचिताचा झाकण तुटलेला डबा ठेवला आणि विषय संपवला.

विषय परत निघाला तो नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात. एजन्सीच्या बाईचा फोन आला तेव्हा हर्षला एका आजोबांचं बीपी घेत होती. तिकडच्या हॉस्पिटलचे लोक डिसेंबरच्या मध्यावर मुंबईत मुलाखती घ्यायला येणार होते. ज्यांच्या हातात निकाल असेल त्यांनाच बोलावणार. जुने गुण आता शिळे झाले होते, परीक्षा नव्याने द्यायची, आणि मुलाखतीच्या आधी निकाल लागेल अशी एकच तारीख शिल्लक होती. अकरा दिवसांनंतरची.

"घालू का नाव?" बाईने विचारलं.

"घाला," हर्षला म्हणाली आणि आजोबांचं बीपी तिला पुन्हा घ्यावं लागलं.

घरी जेवताना तिने सांगितलं. कळंबच्या अलीकडे रस्त्याला लागूनच त्यांचं घर होतं. नवरा देवेश खोपोलीच्या एका कंपनीत पाळीने कामाला, मुलगी रुचिता सातवीत, आणि सासू सोनुबाई.

"अकरा दिवस?" देवेश म्हणाला. "अगं, अकरा दिवसांत गॅसचा सिलिंडर येत नाही आपल्याकडे."

"कसली परीक्षा गं?" सोनुबाईंनी विचारलं.

"बोलायची, आई. इंग्रजीत."

"बोलायची पन परीक्षा असते?" सोनुबाई हसल्या. "मंग आपल्या रुचीला बसव. पयली येईल."

"आजी!" रुचिता म्हणाली.

"बघ, लागली बोलायला."

हसणं झालं, पण ताटं उचलताना देवेश हळूच म्हणाला, "या वेळी नाही झालं तर परत नको मनाला लावून घेऊ." त्यानेच मागच्या वेळी पुस्तकावर डबा ठेवलेला पाहिला होता. हर्षला चाळिशीला आली होती. या वेळी नाही झालं तर परत नाव घालायचं नाही, हे तिने स्वतःशी ठरवलं होतं, पण बोलली नव्हती.

दुसऱ्या दिवशी ड्यूटी संपवून ती दहिवलीला समीक्षाच्या क्लासला गेली. समीक्षा पंचवीस-सव्वीसची, एका खोलीत आठ खुर्च्या मांडून इंग्रजी शिकवायची. तिने परीक्षेतल्यासारखं कार्ड पुढे केलं. कार्डावरच्या विषयावर एक मिनिट विचार करायचा, मग दोन मिनिटं न थांबता बोलायचं. विषय होता, तुमचं घर.

हर्षलाने इंग्रजीत सांगितलं की माझं घर गावात आहे, त्याला चार खोल्या आहेत, पुढे अंगण आहे, घर चांगलं आहे. मग ती थांबली.

समीक्षाने घड्याळ दाखवलं. चौतीस सेकंद.

"बोला ना, ताई."

"झालं की."

"शेजारी कोण राहतं?"

"चांगले लोक आहेत."

समीक्षाने पेन खाली ठेवलं. "ताई, तुमच्या इंग्रजीत फार चुका नाहीत. तुम्ही लवकर थांबता, हा घोळ आहे."

हर्षला स्कूटरवरून घरी येताना तेच डोक्यात घेऊन आली. लवकर थांबायला तिला कोणी वेगळं शिकवलं नव्हतं, आणि सगळ्यांनीच शिकवलं होतं. राउंडच्या वेळी डॉक्टर विचारणार, ताप किती, लघवी किती, आणि तिने आकडा सांगायचा. आकड्यापुढे बोललं की डॉक्टर पुढच्या खाटेकडे गेलेले असत. आणि घरी? लग्न होऊन आली त्या आठवड्यात पाहुण्यांसमोर ती माहेरच्या जत्रेबद्दल दोन वाक्यं जास्त बोलली होती, तेव्हा स्वयंपाकघरात सोनुबाईंनीच सांगितलं होतं, "विचारलं तेवढंच सांगावं गं सुनेने." रागाने नाही, भाजीत मीठ किती घालायचं ते सांगावं तसं. हर्षलाने ते मिठासारखंच लक्षात ठेवलं.

मग तिने सोपा मार्ग धरला. वीस विषय लिहून काढले आणि पाठ करायला घेतले. भांडी घासताना आवडता सण, कपडे वाळत घालताना आवडता शिक्षक. पाचव्या दिवशी समीक्षाने तिचा आवडता सण दहा सेकंदांत थांबवला. "हे पाठ केलंय. परीक्षकाला लगेच कळतं. आणि कार्ड दुसरंच आलं तर काय करणार?"

कार्ड दुसरंच येणार हे हर्षलालाही माहीत होतं. मागच्या वेळी तसंच झालं होतं.

त्यात रविवार गेला. सोनुबाई धवलारीण होत्या. आगऱ्यांच्या लग्नात मांडवापासून हळदीपर्यंत प्रत्येक विधीला धवले म्हणणारी बाई लागते. ती देवांना बोलावते, गावच्या वेशीपासून उंबऱ्यापर्यंत सगळ्यांना मान देते, आणि तिच्याशिवाय हळद पुढे सरकत नाही. डीजे आता सगळीकडे आला होता, पण विधीच्या वेळी तो बंद करून सोनुबाईंनाच बसायला पाट देत. त्या रविवारी खालापूरकडच्या एका गावात हळद होती. देवेशची पाळी होती, म्हणून सासूला स्कूटरवरून न्यायचं हर्षलाकडे आलं. परीक्षेला पाच दिवस उरलेले. ती गेली, पण तोंड मिटून.

मांडवात ती एका कानात इयरफोन घालून इंग्रजी ऐकत कोपऱ्यात बसली. दुसऱ्या कानात सोनुबाईंचा आवाज येत होता. चौदा वर्षांत तिने तो इतक्यांदा ऐकला होता की पंख्याच्या आवाजासारखा तो ऐकूच येईनासा झाला होता. त्या दिवशी मात्र काहीतरी वेगळं झालं. सोनुबाईंनी एक ओळ म्हटली, परत तीच म्हटली, मग नवरीच्या आत्याकडे बघून आत्याचं नाव त्यात घातलं. आत्या खूश झाली, बायका हसल्या. मग समोरच्या सुपातले तांदूळ, उखळ, दाराचं तोरण, जे दिसेल ते त्यांनी त्या चालीत ओढलं. आणि तांदळावरून कुठूनशी वाट सापडून धवला पुन्हा नेहमीच्या रस्त्याला लागला.

हर्षलाने इयरफोन काढला.

परतताना चौक गावाच्या पुढे दोघी उसाचा रस प्यायला थांबल्या. हर्षलाने विचारलं, "आई, मघाशी विसरलात ना?"

सोनुबाईंनी ग्लास खाली ठेवून आजूबाजूला पाहिलं. "कोनी बोललं का?"

"नाही. कुणाच्या लक्षातच नाही आलं."

"मंग कशाला बोंबलतेस?" मग रसाचा एक घोट घेऊन त्यांनीच सांगितलं, "इसरते ना. आताशा लय इसरते. पन धवलारणीने थांबायचं नसतं. थांबली की मांडवातल्या बायका एकमेकींशी बोलायला लागतात, मंग मेलं कोन ऐकतंय. मागची ओळ परत धरायची. समोर काय हाय ते बघायचं, त्याला मान द्यायचा. पुढची ओळ येते. आली नाय तर दुसरी येते."

"आणि भलतीच आली तर?"

"आपन म्हनलं ते बरोबर. चुकलं ते त्यांना काय म्हायत?"

हर्षला हसली. मग हसायची थांबली आणि म्हणाली, "आई, मला हे शिकवा."

"धवला?" सोनुबाईंचे डोळे मोठे झाले.

"नाही. थांबायचं नाही ते."

पुढचे चार दिवस घरात वेगळाच क्लास भरला. संध्याकाळी ओटीवर सोनुबाई तांदूळ निवडत बसायच्या, रुचिता फोनवर वेळ लावायची आणि आजी समोर दिसेल तो विषय द्यायची. विषय मराठीत, बोलायचं इंग्रजीत. "झाडू." "शेजारच्या चांगोच्या बैलाचं शिंग." "तुझ्या नवऱ्याची चप्पल." हर्षला अडकली की सोनुबाई न बघताच म्हणायच्या, "मागची धर, मागची." एक अक्षर कळत नसताना ती कुठे अडकली ते त्यांना बरोबर कळायचं.

"आजी, तुला कसं समजतं?" रुचिताने विचारलं.

"तिचा आवाज खाली बसतो. सून झाल्यासारखा."

हर्षलाने चमकून बघितलं. सोनुबाई तांदळातला खडा शोधत होत्या. त्यांनी मान वर केली नाही, पण खडा दूर अंगणात फेकताना म्हणाल्या, "तवा मीच बोलले व्हते तुला. आता मीच सांगते, बोल."

देवेशच्या चपलेवर त्या दिवशी एक मिनिट बावन्न सेकंद झाली. देवेश दारात उभा होता. "एवढं तर तू माझ्यावर कधी बोलली नाहीस," तो म्हणाला.

परीक्षा ठाण्याला होती. वाचणं, ऐकणं, लिहिणं सकाळी झालं. बोलणं दुपारी. परीक्षक साठीच्या आसपासचे, चष्मा कपाळावर ढकललेले गृहस्थ होते. त्यांनी कार्ड दिलं. नदी, तलाव किंवा पाण्याची अशी एखादी जागा, जिथे तुम्ही वेळ घालवला आहे.

वीस विषयांत हा नव्हता. हर्षलाने कागदावर फक्त एका कालव्याचं नाव लिहिलं, राजनाला, आणि बोलायला लागली. तिच्या माहेरच्या गावातून राजनाला जातो. उन्हाळी भातासाठी त्याला पाणी सोडतात, आणि पाणी सुटलं की पोरं नाल्याच्या काठाने पाण्याच्या पुढे पळत जाऊन गावाला सांगतात, आलं, आलं. इथपर्यंत छान गेलं. मग शेतात पाणी घेण्यासाठी जी फळी उचलतात तिचं इंग्रजी नाव आठवेना. तिचा आवाज खाली जायला लागला. ते तिला स्वतःलाच ऐकू आलं.

तिने मागचं वाक्य परत म्हटलं, थोडं मोठ्याने. पोरं पाण्याच्या पुढे पळायची. मग समोर बघितलं. टेबलावर परीक्षकांचा पाण्याचा ग्लास होता. ती म्हणाली, या ग्लासातलं पाणी उभं आहे, सर, पण आमचं पाणी चालत यायचं, आणि माझे वडील एक लाकडाची फळी उचलून त्याला शेतात बोलवायचे. पाहुण्याला बोलवावं तसं. परीक्षकांनी ग्लासाकडे पाहिलं. हर्षला पुढे गेली. आईचं धुणं, काठावरचे खेकडे, एकदा वाहून गेलेला परकर. परकर सापडायच्या आतच परीक्षकांनी हात वर केला आणि थँक्यू म्हणाले. दोन मिनिटं झाली होती.

अंधार पडायच्या आत ती घरी पोचली. सोनुबाई ओटीवरच होत्या. "बोललीस?"

"बोलले, आई. त्यांनी थांबवलं मला."

"थांबवलंन?" सोनुबाई उठूनच उभ्या राहिल्या. "मधीच? धवला कोन तोडतं का अर्ध्यावर? मानाचा नारळ तरी दिला का?"

"आजी, तो नियम असतो," रुचिता म्हणाली.

"असला कसला नियम! काय राह्यलं तुझं?"

"परकर सापडायचा राहिला."

"बस खाली. पुरं कर."

"आता? इंग्रजीत?"

"मंग कशात? चालू तशातच."

हर्षला पर्स न काढताच पायरीवर बसली आणि परकर सापडेपर्यंत बोलली. तो दोन शेतं खाली एका निरगुडीच्या झुडपाला अडकला होता. त्याच्या पुढेही ती बरंच बोलली. रुचिताने वेळ लावली नव्हती. सोनुबाई मान डोलावत होत्या आणि एकदा भलत्याच ठिकाणी "अरे देवा" म्हणाल्या.

चौथ्या दिवशी निकाल आला तेव्हा ती ड्यूटीवर होती. सलाईन बदलायचं होतं, ते बदलून तिने हात धुतले, कॉरिडॉरमध्ये येऊन फोन उघडला आणि घरी लावला. फोन देवेशने घेतला, पण लगेच सासूने ओढून घेतला.

"किती पडले बोलायला?"

"सात, आई. हवे तेवढे सात."

पलीकडे देवेश ओरडला. सोनुबाईंना तेवढ्याने पटलं नाही. "शंभरातले सात?"

"नाही हो, नवातले."

पलीकडे सोनुबाई आकडे पुटपुटल्या. त्या हिशोब करत होत्या.

"म्हंजे दोन गेले," त्या शेवटी म्हणाल्या. "ते परकराचे. पुरं म्हणू दिलं असतं ना, तर नवाचे नव घेऊन आली असतीस."