अधिक महिन्याचं वाण

कुसुममावशीचा स्वभाव संशयी, हे डमडममधल्या आमच्या चार मराठी घरांना पाठ आहे. दूधवाला हसला तरी ती आधी दुधाकडे बघते. जन्म कोलकात्याचा. तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला, तरी पृथ्वीवरसुद्धा तिचा पुरता विश्वास नाही. "इंग्रजी वर्षाला दर चार वर्षांनी एक दिवस जोडावा लागतो, आपल्याला तिसऱ्या वर्षी अख्खा महिना. सूर्याला कुणीच पुरं पडत नाही," असं ती बजावते.

यंदा ज्येष्ठ अधिक. म्हणजे जावयाला तेहतीस अनारशांचं वाण, तेही लेक-जावयाला जोडीनं पाटावर बसवून. तिची लेक देवयानी फोनवर म्हणाली, "आई, येऊ नकोस. अर्णवच्या घरी याला मलमास म्हणतात, काही घेत नाहीत."

"मिठाई नाकारणारा बंगाली मी जन्मात पाहिला नाही," मावशी मला म्हणाली. "आणि फोनवर कधीही विचारावं तर अर्णव आंघोळीला. दिवसातून किती वेळा नाहतो माणूस? त्यानं दुसरी कुणी गाठली असणार."

मला रागच आला. अर्णव सरळ मुलगा. पण मावशीपुढे कुणाचं चालतं? मुकाट्यानं तिच्याबरोबर मेट्रोत बसलो. एस्प्लनेड स्टेशन मागे पडलं तरी तिनं मांडीवरच्या अनारशांच्या डब्यावरचा हात काढला नव्हता.

टालीगंजला देवयानीच्या घराचं दार अर्णवनंच उघडलं. मावशी त्याला ओलांडून थेट आत गेली. बाल्कनीत एकच टॉवेल, कपाट अर्धं रिकामं, देवयानीची चप्पलही कुठे नाही.

"माझी मुलगी कुठे आहे?"

"बंगळुरूला, मा," तो बंगालीत म्हणाला. "फेब्रुवारीतच गेली. परत येणार नाही म्हणते. ती स्वतः तुम्हाला सांगेल म्हणून मी गप्प राहिलो."

मावशी खाली बसली. लबाडी पकडायला आली होती, ती निघाली पोटच्या पोरीची. मला तिच्याकडे बघवेना. तिनं डबा त्याच्यापुढे सरकवला.

"हे मी कसं घेऊ, मा? आता मी जावई कुठे राहिलो?"

मावशीनं झाकण काढून एक अनारसा त्याच्या हातावर ठेवला. "जेवलास का तू?" तिनं विचारलं.

तो हो म्हणाला. तिचा विश्वास बसला नाही. ती उठली, पदर खोचला आणि ओट्याशी जाऊन तांदूळ शोधू लागली.